गंधाच्या बोटाखालचा चेहरा

"फोटोतला मानूस कुठी जात नाही, तो धुळीआड बसून राह्यते." कारंज्याच्या सादिकभाईंचं हे ठरलेलं बोलणं. एसटी स्टँडजवळच्या त्यांच्या चिंचोळ्या दुकानात कुणी फाटका, बुरशीनं डागळलेला जुना फोटो घेऊन आलं, की ते आधी हे ऐकवत आणि मग चहा मागवत.

वडिलांच्या स्टुडिओत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून त्यांचा हात तयार झाला होता. स्टुडिओ बंद पडला तेव्हा पन्नाशीला आलेले सादिकभाई आपले आपण कॉम्प्युटर शिकले. स्कॅन केलेला फोटो पडद्यावर मोठा करायचा आणि एकेक चीर तिच्याच शेजारच्या रंगानं बुजवायची. कागदाच्या एका घडीपायी सगळा दिवस जाई. मोबाईलवर क्षणात चेहरे गुळगुळीत करून देणाऱ्यांना ते हसत. तुमी मानूस नाही, भावला बनवता, म्हणत.

इंझोरीच्या आवडाबाई बाजाराला वांगी आणि कोथिंबीर घेऊन येत. एकदा त्यांनी टोपलीच्या तळातून फडक्यात गुंडाळलेला फोटो काढला. नवरा शालिकराम. लग्नाला चार वर्षं झाली आणि तो गेला, तेव्हा वीरेंद्र पोटात होता. फोटो हा एवढाच, त्यातही तोंडावर डाग चढलेला. आता वीरेंद्र चाळिशीला टेकला, आणि आवडाबाईंना नवऱ्याचा चेहरा आठवेनासा झाला. चालणं आठवे, खोकणं आठवे, चेहरा तेवढा नाही. लेकानं तर बाप पाहिलाच नव्हता.

"एक डाव पाहू द्या मले," त्या म्हणाल्या. "त्यालेही पाहू द्या."

सादिकभाईंनी नेहमीचं बोलणं ऐकवलं आणि फोटो ठेवून घेतला.

पडद्यावर पाहिलं तर सदऱ्याची बटणं शाबूत, खिशातलं पेन शाबूत, खुर्चीचा हात शाबूत. चेहऱ्याच्या जागी मात्र लव निघालेला पांढरा गोल कागद, आणि त्या लवेत मुरलेला गंधाचा पिवळा डाग. त्यांच्या लक्षात आलं. फ्रेमची काच पहिल्याच वर्षी फुटली असणार. दर अखजीला, अक्षय्य तृतीयेला पितरांना पुजताना, आवडाबाई ओल्या फडक्यानं नवऱ्याचं तोंड पुसत आणि कपाळाला गंधाचं बोट लावत. पुढच्या अखजीला ते पुसून नवं लावत. असं अडतीस वर्षं.

फोटो तेव्हाच परत द्यायला हवा होता. पण शब्द देऊन बसले होते. त्यांनी वीरेंद्रचा फोटो मागवला, त्याचे डोळे, नाक, ओठ घेतले, रंग काढून काळे-पांढरे केले आणि शालिकरामच्या सदऱ्यावर बसवले. उभ्या जन्मात पहिल्यांदा सादिकभाईंनी भावला बनवला.

अखजीच्या आदल्या दिवशी ते स्वतः इंझोरीला गेले. आवडाबाईंनी हात पदराला पुसून फोटो उजेडाकडे धरला. बराच वेळ पाहिला.

"हा तं आमचा वीरेंद्र हाय."

लेक बापाच्या वळणावरच गेला असंल, असं सादिकभाई पुटपुटले.

"बापाचं तोंड कुठी गेलं मंग?"

भिंतीची ओल लागली, ते म्हणाले. आवडाबाईंनी भिंतीवर तळवा फिरवला.

"भिंत कोरडी हाय, भाऊ. खरं सांगा, कायनं गेलं?"

सादिकभाईंनी सांगितलं. थोडक्यात, खाली पाहून.

त्या रडल्या नाहीत. नवा फोटो त्यांनी परत दिला आणि जुना मागून घेतला. त्या पांढऱ्या कागदाकडे उजव्या हाताचं बोट नेलं आणि टेकवायच्या आधीच मागं घेतलं.

"मीच पुसला न," म्हणाल्या. "दरसाल थोडा थोडा."

चहाला नको म्हणत सादिकभाईंनी नवा फोटो पिशवीत घातला आणि ते फाट्याच्या वाटेला लागले. पायांखालची माती तापली होती, सावलीला एक झाड नव्हतं. त्यांनी वळून पाहिलं नाही.

वांग्यांना पाणी देणाऱ्या वीरेंद्रनं त्यांना बांधावरून जाताना पाहिलं. फोटोवाले आले हे त्याला कळलं होतं. ते दिसेनासे होईतो तो उभा राहिला, मग पाटाच्या पाण्यात हात-तोंड धुतलं, केस नीट केले आणि बापाला पाहायला घराकडे निघाला.