अकराव्या रेघेचा दिवस

माझ्या धाकट्या जावेला गल्लीत सगळे कडकमावशी म्हणतात. इस्त्री कडक आणि बोलणंही तसंच. लिही गं पोरी, असंच लिही, तिला राग यायचा नाही. तेहेतीस वर्षं ती एका हॉटेलच्या धुलाईखान्यात उभी राहून चादरींना इस्त्री करत होती. मग गुडघे गेले, तेव्हा ते काम सुटलं आणि तिने आपल्याच पुढच्या खोलीत टेबल मांडलं. तिच्या उजव्या हाताच्या बोटांना आता गरम-गार फारसं कळत नाही, पण नाक असलं तिखट की कापडाचा रंग बदलायच्या आधी तिला करपल्याचा वास येतो. हॉटेलात कोणाची चादर जळायला आली की ही तीन टेबलं सोडून ओरडायची, अगं उचल तो हात.

फुकटच्या वस्तूंचं सुरू झालं तेही तिथेच. एकदा कंपनीचा कोणी माणूस नवीन खळ घेऊन आला आणि सगळ्यांना विचारत फिरला, कशी आहे? बाकीच्या म्हणाल्या, छान. हिने सांगितलं, कॉलरवर पांढरे ठिपके पडतात, तुमच्या साहेबाच्या कॉलरला लावून बघा. तो हसला आणि हिचा नंबर घेऊन गेला. तेव्हापासून घरी खोकी यायला लागली. साबण, ब्रश, पुसणी, काय काय. वापरायचं, मग खरं काय वाटलं ते फोनवर लिहून पाठवायचं, वस्तू आपलीच. ती शिकली चौथी आणि मी तेवढीही नाही, म्हणून लिहायचं काम तुझ्याकडे, नातीकडे आलं. तू नववीत होतीस.

तिचा एक नियम होता. डागावर खूण करायचा खडू असतो ना, त्याने ती टेबलामागच्या भिंतीवर रोज एक रेघ ओढायची. पंधरा रेघा झाल्याशिवाय त्या वस्तूबद्दल तोंड उघडायची नाही. आणि उघडलं की मोजून दोन वाक्यं. पुसणीबद्दल म्हणाली होती, पाणी छान ओढते, पण दांडा बुटक्या माणसाने बनवलाय. साबणाबद्दल म्हणाली, वास हवा असेल तर घ्या, मळ काढायचा असेल तर दुसरा बघा. लोक हसायचे, पण काही घ्यायचं झालं की आधी तिचं वाचायचे. दुकानदारसुद्धा विचारायचा, मावशींचं काय म्हणणं आहे, मग मी माल ठेवतो.

मला मात्र ती खोकी आवडायची. का खोटं बोलू? दारात माणूस आला की माझा जीव वर-खाली व्हायचा, यात काय असेल, त्यात काय असेल.

मग तो पट्टा आला. विजेवर चालणारा शेकायचा पट्टा, वर मऊ निळं कापड. गरम झाला की आपोआप बंद होतो, असं खोक्यावर लिहिलं होतं. जावेने तो लगेच काढला नाही, तीन-चार दिवस तसाच ठेवला. मग गुडघ्यावर घ्यायला लागली. भिंतीवर तीन रेघा झाल्या आणि कंपनीचा मेसेज आला की मुदत आज संपते, रिव्ह्यू आला नाही तर पुढच्या यादीतून नाव काढू. पुढच्या यादीत मिक्सर होता. जाऊ डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती.

मी तुला म्हटलं, लिहून टाक. तू म्हणालीस, आजी, छोट्या आजीला विचारू या. मी म्हटलं, तिला काय विचारायचंय, मी बाजूलाच बसते ना रोज. तू लिहिलंस, पट्टा चांगला आहे. फोन ते घेईना. लाल अक्षरं आली, पन्नास शब्द तरी हवेत. मग मी बोलत गेले. रंग छान आहे. वायर लांब आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी घ्यावा. अजून किती? तू म्हणालीस, दहा. मी म्हटलं, लिही, रात्रभर अंगाखाली ठेवून झोपलं तरी काही होत नाही, बिनधास्त वापरा. बरोबर दहा भरले.

तसं आमच्या दोघींपैकी कोणी एकदाही केलं नव्हतं. मी बसल्या जागी मनाने रचलं. जावेला सांगितलं नाही, तुलाही सांगू नको म्हटलं. ते ओझं तुझ्यावर टाकलं, ती दुसरी चूक.

अकरावी रेघ ओढली त्या दिवशी, दुपारी, जाऊ गुडघ्यावर पट्टा टाकून शर्टांच्या घड्या घालत होती. एकदम हात थांबला. म्हणाली, करपतंय. मी म्हटलं, इस्त्री बघ. तिने इस्त्रीकडे बघितलंसुद्धा नाही, पट्टा उचलून आधी वायर उपटली. निळं कापड उलटं केलं तर आतून तपकिरी चट्टा. आपोआप बंद व्हायला हवा होता तो झालाच नव्हता. ती म्हणाली, पंधरा झाल्या नाहीत, पण हे आजच सांगायला हवं, लिही गं. तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली बघितलं.

फोन उघडला तर तिच्या नावावर रिव्ह्यू आधीच लागलेला. तिने तुला तो वाचायला लावला, मग परत एकदा वाचायला लावला. शेवटचं वाक्य आलं तेव्हा मला वाटलं, आता ही मला धरून आपटणार. पण तिचा चेहरा नुसता रिकामा झाला आणि ती म्हणाली, "घड्याळवाले."

घड्याळवाले म्हणजे पलीकडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात ते. खाली त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. आदल्या दिवशी शर्ट न्यायला आले तेव्हा म्हणाले होते, मावशी, तुमचं वाचून मागवलाय बरं का, आजच येतोय. जावेला वाटलं साबणाचं बोलताहेत. त्यांना साखरेचा आजार. पायांना काही कळत नाही. मागे बुटात खिळा शिरला तर दिवसभर तसेच हिंडले होते, संध्याकाळी मोजा लाल दिसला तेव्हा समजलं. आणि दुपारी दुकान बंद करून ते रोज झोपायचे. पावणेतीन वाजले होते.

आपण तिघी कशा पळालो ते मला आठवत नाही. मला आठवतात त्या पायऱ्या. जाऊ कठड्याला धरून स्वतःला वर ओढत होती आणि मी मागून म्हणत होते, नसेल लावला त्यांनी, उकाडा आहे, कशाला लावतील. बेल वाजवली, दार ठोठावलं. तू फोन लावलास तर आत वाजताना ऐकू येत होता, वाजून वाजून बंद पडला. जावेने दाराच्या फटीला नाक लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, खाली जा. मीटरच्या बोर्डावरचा मोठा खटका पाड."

मी म्हटलं, त्यांचा कोणता ते मला कसं कळणार?

"सगळ्यांचा पाड."

मी जन्मात तसल्या गोष्टीला हात लावला नव्हता. जिन्याखाली अंधार, आठ मीटर, वर तो लांबडा खटका. पहिल्यांदा हातातून निसटला. दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी ओढला. सगळी इमारत एकदम मुकी झाली. पंखे, टीव्ही, कोणाचं दळण, सगळं थांबलं. आणि मग दारं उघडायला लागली. कोण रे तो, मेन कोणी पाडला? पहिल्या मजल्यावरचा उंच मुलगा धाडधाड उतरला. म्हणाला, आजी, सरका, माझी मीटिंग चालू आहे, साहेब समोर आहेत. मी बोर्डाला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, नाही सरकणार. तो म्हणाला, अहो डोकं फिरलंय का तुमचं? म्हटलं, फिरलंय, पण खटक्याला हात लावू नकोस. मागे आणखी दोघं येऊन उभे राहिले. मला वाटलं, हे मला उचलून बाजूला ठेवतील आणि वर तो पट्टा परत तापेल, माझ्या दहा शब्दांवर.

तेवढ्यात वर कडी वाजली.

पंखा बंद पडला म्हणून घामाने जाग आली त्यांना. दार उघडून विचारताहेत, लाइट गेली का हो? जावेने त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही, पायांकडे बघितलं. डाव्या टाचेची कातडी पांढरी पडून वर आली होती, आणि ते त्याच टाचेवर आरामात उभे. तू वरून ओरडलीस, वायर काढली, तेव्हा मी बोर्ड सोडून वर आले, तर काय झालं, काय झालं, असं ते आम्हालाच विचारत होते. आत पलंगावर पायथ्याशी पट्टा, खालची चादर कोळपलेली. त्यांनी चादर बघितली, मग वाकून टाच बघितली, मग हळूच भिंतीला धरून बसले.

डॉक्टर म्हणाले, जखम खोल आहे, या आजारात दोन महिने धरा. आणखी थोडा वेळ गेला असता तर पायाचं काय झालं असतं ते मी सांगत नाही.

घड्याळवाले रागावले नाहीत. नुसतं जावेला म्हणाले, "मावशी, तुम्हीच लिहिलं होतं ना, रात्रभर चालतो. मी म्हटलं, मला तर दुपारचंच झोपायचंय."

जाऊ म्हणाली, "हो. माझ्या नावावर आहे ते."

मी तिथेच उभी होते, दोन हात लांब.

परत येताना जिन्यात ती थांबली. गुडघा धरून म्हणाली, ताई, माझं होतं ते मी त्यांच्यापुढे बोलले. तुझं तू बोलायचंस. कधी, ते तू बघ.

दोन दिवस तिने मला चहा दिला, पण कप ठेवून लगेच पाठ फिरवायची. मला भांडण चाललं असतं. तिसऱ्या दिवशी मीच उठले आणि पट्टी बदलायचं सामान घेऊन त्यांच्याकडे गेले. ते पाय स्टुलावर टाकून, डोळ्याला भिंग लावून कोणाचं तरी घड्याळ उघडून बसले होते. मी पट्टी सोडता सोडता सांगितलं सगळं, मिक्सरचंसुद्धा. भिंग डोळ्यावरच होतं. मी ती टाच हातात धरून बसून राहिले.

मग म्हणाले, "मग आता मी कोणाचं वाचू?"

मी म्हटलं, तिचंच वाचा, ती खरंच बोलते. ते म्हणाले, नाव तिचं आणि बोलणं तुमचं, हे मला वाचून कसं कळावं? मी पट्टी बांधली आणि घरी येऊन तुला हाक मारली.

खोकी त्यानंतर बंद झाली. कंपनीचा फोन आला होता, नवीन पट्टा देतो, पण लिहिलेलं काढा. जावेने फोन माझ्या हातात दिला आणि नाही म्हणायचं काम माझ्याकडून करून घेतलं. पण ते नंतरचं. त्या दिवशी ती टेबलाशी उभी होती, इस्त्री चालू होती, आणि मी बोलत होते. हा पट्टा आपोआप बंद होत नाही. अकराव्या दिवशी आतून जळला. ज्यांच्या पायांना कळत नाही त्यांनी घरात आणू नये. आधीचं इथे लिहिलेलं मी लिहायला लावलं होतं, न वापरता. त्याने एका माणसाची टाच भाजली.

शेवटी तू विचारलंस, आजी, खाली नाव कोणाचं टाकू? मी तिच्याकडे बघितलं. तिने शर्ट उलटा केला आणि दुसरी बाही घेतली.

मी म्हटलं, लिही, कडकमावशीची थोरली जाऊ. गल्लीत सगळ्यांना कळेल कोण ती.