पॉकेट होल जिग आणि तुडीलचे सुतार

कम्युनिटीवरच्या मंडळींनो, आज दुपारी महाडच्या बाजारात पॉकेट होल जिग घ्यायला गेलो होतो. फळीत तिरकं भोक पाडून स्क्रू लपवायचा हा साचा. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, तिच्यासाठी उंच पलंग करतोय.

आईच्या पलंगासाठी हवाय म्हटल्यावर दुकानदाराने प्लास्टिकचा जिग पुढे केला. "इम्पोर्टेड आहे सर, डोळे झाकून घ्या." डोळे झाकून म्हटल्यावरच मला शंका आली.

शेजारी बिजागऱ्या घेत उभे असलेले तुडील गावचे एक सुतार म्हणाले, "सर, हा नको. आत लोखंडी नळी नाय, ड्रिल हलतं नि भोक वाकडं जातं."

मला वाटलं, यांना पलंगाचं काम हवं असणार. म्हणून हट्टाने दुकानातल्याच फळीच्या तुकड्यावर जिग लावून भोक पाडलं नि स्क्रू फिरवून बघितला. स्क्रूचं टोक पलीकडून बाहेर आलं. पलंगाच्या कडेला असं झालं असतं, तर आईचा हात नेमका तिथेच पडला असता.

"पलंग तुम्हीच करता का मग?" मी विचारलं.

"कशाला? आईसाठी करताय ना, तुमीच करा." त्यांनी त्याच दुकानातला लोखंडी जिग निवडून दिला आणि निघून गेले.

दुकानदारावरचा संशय खरा ठरला. सुतारांवर घेतलेल्या संशयाची मात्र लाज वाटतेय. तुडीलचे आहेत एवढंच दुकानदाराकडून कळलं, नावही विचारलं नाही मी त्यांचं. इथे तुडीलचं कुणी आहे का?