महालातला आजार

डॉक्टरने माझ्या सुजलेल्या गुडघ्यावर पेनाचं टोक दाबलं. मी किंचाळलो. भोवतीचे शिकाऊ डॉक्टर आणखी जवळ आले.

“हीमोफीलिया. यूरोप के राजाओं की बीमारी. माँ से बेटे को आती है.” त्याने आईकडे पाहिलं. आमचं आडनाव त्याला कळलं होतं. “अब पूछो इससे, किस महल में झाड़ू लगाती थी! राजा ने कुछ तो दिया होगा.”

सगळे हसले. आईही हसली.

भंडाऱ्याच्या खेड्यातून भिलाईत आलेल्या तिला हिंदी धड कळत नव्हती. डॉक्टर हसतो म्हणजे पोराचं बरं आहे, एवढंच तिला कळलं.

“काय म्हनून राहिले रे?”

“बरा होईन म्हनते.”

मी दहा वर्षांचा होतो. हिंदी शाळेत जात होतो. मला शब्दन् शब्द कळला होता. पण तेव्हा रक्त न गोठण्याच्या या रोगावर औषध नव्हतं. सांध्यात रक्त साचलं की ताजं रक्त चढवायचं, एवढाच इलाज. बाबांचे पोलाद कारखान्यातल्या कोक ओव्हनच्या भट्टीवरचे सोबती ड्यूटी संपवून, काळ्या तोंडाने येऊन रक्त देऊन जायचे. बाटली मात्र डॉक्टरच्या हातात.

सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये काकू म्हणायची, “मायच्या पोटातच खोट हाये.” आणि दुखणं वाढलं की मीही आईवर ओरडायचो, “तूच देल्ला हा रोग मले!” ती माझा गुडघा धरून बसून राहायची.

पुढच्या खेपेला नवे शिकाऊ. तोच विनोद. आईने हसायला तोंड उघडलं आणि मला सहन झालं नाही.

“हासू नको, माय. शिवी देऊन राहिला हा तुले.”

मग सगळं सांगितलं. मोठ्याने. झाडू, महाल, राजा.

डॉक्टर म्हणाला, “बहुत बोलता है. खून चाहिए कि नहीं?”

आई उठली. बाटलीवर हात ठेवला.

“रगत आमच्या मानसाइनं देल्लं. लाव पयले. मंग बोलू.”

त्याने सुई लावली. पण त्यानंतरच्या वेळी आम्हाला सकाळपासून व्हरांड्यात बसवून ठेवलं. अंधार पडला तरी आत बोलावलं नाही. माझा गुडघा त्या दिवशी वाकला तो कायमचा.

आता औषध निघालं आहे, आम्हा रुग्णांची संघटना आहे. नवी आई आली की मी लंगडत तिच्यासोबत दवाखान्यात जातो. डॉक्टर जे बोलेल ते तिला तिच्या बोलीत, त्याच्या तोंडासमोर सांगतो. तो चिडला तरी सांगतो. एकही शब्द गाळत नाही. गाळणार नाही.