पुढच्या शनिवारचं कोल्हापूर

आधी दत्तूमामांचं नाव घेतो, मग बाकीचं. दत्तूमामा म्हणजे गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशी बांधणारे गवळी. माझ्या नात्याचे नाहीत, गोत्याचे नाहीत. त्यांनी केलं ते सख्ख्यांनी केलं नाही. सख्ख्यांत मीही आलो.

माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा लिहिण्यात चुकलं-माकलं सांभाळून घ्या. भूत, भानामती, अंगात येणं... मी यातलं काही मानत नव्हतो. आमच्या गावात बाया घुमायला लागल्या की मी उठून जायचो. आजही मानतो असं नाही. घडलं तेवढं सांगतो.

माझं गाव परभणीकडं. उद्यमनगरात एका फाउंड्रीत साचे भरायच्या कामाला लागून मला तेव्हा तीन वर्षं झाली होती. लग्नालाही तीनच. पण त्या तीन वर्षांत कौसाचा आणि माझा संसार मोजून दोन महिन्यांचा — दिवाळीचे आठ दिवस, कुणाच्या लग्नाचे चार, असे धरून. ती गावाकडं आईपाशी. आई म्हणायची, "तिला नेलीस तर माझ्या हाताखाली कोण?"

त्या वर्षी आई कशीबशी कबूल झाली. शनिवार-रविवार, दोन दिवस. चुलतभाऊ आणून सोडणार आणि सोमवारी परत नेणार. मी फोरमनच्या हातापाया पडून शनिवारची सुट्टी घेतली आणि पत्रात सगळं लिहून कळवलं : पहिली मिसळ, मग पन्हाळा, मग रंकाळा, संध्याकाळी कट्ट्यावर म्हशीच्या धारेचं दूध. दुसऱ्या दिवशी अंबाबाई आणि खानावळीत तांबडा-पांढरा. कौसाला वाचता येत नव्हतं, माझा धाकटा भाऊ तिला पत्र वाचून दाखवायचा.

आणि मग मला धास्ती बसली. तीन वर्षं कोल्हापुरात राहून मी मेसची भाकरी आणि कारखाना यापलीकडं काही बघितलं नव्हतं. बायकोपुढं फजिती झाली तर? हॉटेलात बायकांना कुठं बसवतात, पन्हाळ्याची गाडी कुठल्या फलाटाला लागते, काही ठाऊक नाही. म्हणून आदल्या रविवारी मी एकटाच निघालो. सगळं एकदा फिरून बघायचं, म्हणजे पुढच्या शनिवारी अडायला नको.

सकाळी मिसळीच्या हॉटेलात गेलो. भिंतीकडं पाठ करून बसलो. पोऱ्यानं दोन प्लेट ठेवल्या.

"एकच सांगितली मी."

मालकानं गल्ल्यावरून आवाज दिला, "वैनी खाणार न्हाईत व्हय? आवो खाऊ द्या की! तिखट लागलं तर दही हाय!"

मला वाटलं, गिऱ्हाइकाच्या गळ्यात दुसरी प्लेट मारायची ही तऱ्हा असेल. एक परत केली.

या घोळात पन्हाळ्याची गाडी चुकली. म्हणून आधी रंकाळ्यावर गेलो, एक चक्कर मारून दुपारची गाडी धरली. कंडक्टरनं न विचारता दोन तिकिटं फाडली. एकाला एकच म्हटल्यावर तो माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटकडं बघत राहिला. "आत्ता तर हुत्या की बाई," असं स्वतःशीच पुटपुटत पुढं गेला. तेव्हाही मी मनाची समजूत काढली, की गर्दीत चुकलं असेल.

पन्हाळ्यावर तटाच्या कडेला बसलो. आसपास माणूस नव्हतं. कौसाला सांगायची एक गोष्ट मनात होती, तिची मी तिथं तालीम केली. लाज वाटते, पण मोठ्यानं बोललो. "कौसा, तू सोमवारी जायचं नाहीस. मी खोली बघितलीय. आईला काय म्हणायचं ते म्हणू दे, मी तुला परत पाठवणार नाही." असं तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हणून बघितलं. हा बेत मी कुणालाच सांगितला नव्हता. पत्रातही नव्हता, कारण पत्र भाऊ वाचणार.

दिवस मावळायला कट्ट्यावर आलो. मामा धार काढत होते. फेसाळलेला पेला त्यांनी माझ्या हातात दिला, लगेच दुसरा भरला आणि माझ्या डावीकडं धरला. मी दूध पीत होतो. एकदम ते कडाडले.

"काय ओ पावणं, कळतंय का न्हाय तुमास्नी? बाईमाणूस तापानं फणफणलंय, आन् तुमी गाव दाखवत फिरवतायसा!"

"कोण बाईमाणूस?"

"कोण म्हंजे? तुमची मंडळी! पेला देताना बोटं लागली, चटका बसला मला—" म्हणत ते वळले. माझ्या डावीकडं कुणी नव्हतं. दुसरा पेला कट्ट्याच्या दगडावर तसाच भरलेला.

आधी मला राग आला. सकाळपासूनचं सगळं एकदम डोक्यात गेलं. "माझी बायको परभणीकडं आहे," मी ओरडलो. "काय चेष्टा लावलीय सगळ्यांनी!"

मामांचा चेहरा उतरला होता. ते हळू आवाजात म्हणाले, "मग पावणं, आत्ताच्या आत्ता गाडी धरा."

सांगायला जीभ रेटत नाही, पण मी नाही म्हणालो. उद्याची ड्यूटी बुडाली तर फोरमन शनिवारची सुट्टी कापेल, मग कौसाचं येणं बोंबललं. हे मी त्यांना समजावून सांगत होतो!

"आगं बया! सुट्टी घाला खड्ड्यात! कारखान्यात मी सांगतो. चला."

म्हशीचा दोर आपल्या भावाच्या हातात देऊन त्यांनी मला सायकलवर मागं बसवलं आणि स्टँडवर नेलं. कारखान्याचं नाव विचारून घेतलं, सोलापूरच्या गाडीत जागा करून दिली. गाडी सुटेपर्यंत हलले नाहीत. मी उतरून पळेन असं त्यांना वाटलं असावं, आणि ते खोटं नव्हतं.

सोलापूर, लातूर असं बदलत सोमवारी संध्याकाळी घरी पोचलो. कौसा माजघरात घोंगडीखाली. कपाळावर अंगारा.

आई म्हणाली, "बुधवारपासून ताप व्हता म्हणं. बोलली न्हाई. काल सकाळी चुलीम्होरं पडली. मग दिसभर गुंगीत. मधीच हसायची."

"आणि डॉक्टर?"

"उतरंल म्हणलं."

त्याच संध्याकाळी जीप करून तालुक्याच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी मुदतीचा ताप सांगितला आणि चार दिवस आधी का आणली नाही म्हणून मला झापलं.

मंगळवारी ती जरा शुद्धीवर आली. मी विचारलं, "ताप का लपवलास गं?"

"सांगितलं असतं तर तुमच्या आईनं पाठवलं असतं का?" म्हणाली. मग जराशानं, "पर मी जाऊन आले की. तुमीच तर हिंडवलाव."

मला वाटलं तापात बरळतेय. पत्रातलं ऐकून ऐकून डोक्यात बसलं असेल. पण पत्रात पन्हाळा आधी होता. तिनं आधी रंकाळा सांगितला.

"मिसळीच्या हाटेलात तुमच्या पाठीमागं पोपट व्हता. पिंजऱ्यातला. मालक त्याला पाव भिजवून घालत व्हता. तुमी येकडाव बी वळून बघितलं न्हाई. माझी पलेट का परत केलाव?"

मी तिच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली.

"आन् गडावर किती बोललाव! तीन-तीनदा. मला लाज आली." थोडं हसली. "खरंच ठिवून घेणार का मला? परत न्हाई ना धाडणार?"

"नाही," म्हणालो.

"दूध तेवढं पिऊ दिलं न्हाई. पळालावच."

गुरुवारी ती गेली. ज्या शनिवारी आम्ही मिसळ खायची होती, त्या शनिवारी मी तिची राख सावडली.

कोल्हापूरला परतल्यावर त्या हॉटेलात गेलो. मी बसलेल्या जागेच्या मागं भिंतीत खिडकी आहे, तिच्या आत मालकाच्या घरात पिंजरा टांगलेला. समोरच्या बाकावर बसलं तरच दिसतो. पोपट पाव खात होता.

आमच्या कारखान्यातले शिकलेले क्लार्क म्हणतात, मनाचे खेळ. माझ्या मनाचे असतीलही. पण मिसळवाल्याच्या मनाचे? कंडक्टरच्या? तिची त्यांची ओळख ना देख. अख्ख्या कोल्हापूरला ती दिसली, एक मला सोडून. तिनं दोन दिवसांसाठी ताप लपवला आणि मी त्याच दोन दिवसांसाठी गाडीत बसायला नको म्हणत होतो. याचा अर्थ कुणी लावून दिला तर मी ऐकायला तयार आहे. पाच वर्षं झाली, मला लागलेला नाही.

मामांनी सोमवारी भोंगा व्हायच्या आधी गेटवर उभं राहून फोरमनला सांगितलं होतं, म्हणून माझी नोकरी राहिली. ती कशी दिसत होती, असं मी त्यांना एकदाच विचारलं. ते म्हणाले, "नगा इचारू," आणि म्हशीकडं वळले. आभार मानायला गेलो की हाकलून देतात.

पण मामा, सोमवारची संध्याकाळ ते गुरुवार, एवढे तिचे दिवस मला तुमच्यामुळं मिळाले. हे मी फेडणार. तुमची लेक आता लग्नाची झालीय. तिला सासर कितीही लांबचं मिळू दे, दर महिन्याला तिथं जाऊन ताप तर नाही ना, म्हणून तिच्या कपाळाला हात लावून यायचं काम माझं.