समईचं तेल आणि ब्रेकचा शू

खंडेनवमीचा दिवस, जोगेश्वरीचं आमचं बैठं घर, आणि देवासमोर पाटावर मांडलेले पाने, हातोडी, पक्कड... पन्नासच्या दशकातली गोष्ट, सत्तर वर्षं होत आली. मी बोलतेय, टाईप नात करतेय. चुका दिसल्या तर तिच्या.

लग्न होऊन मला सहा महिने झाले होते. घरात सासूबाई, मामंजी आणि हे. मामंजींकडे लढाईच्या आधीची एक विलायती मोटार होती, ती ते भाड्याने चालवायचे... मालाड-बोरीवलीपर्यंतची वऱ्हाडं, आजारी माणसं, बाळंतिणी, सगळ्यांना तीच गाडी. आमचं घर तिच्यावर चालायचं, आणि तिची दुरुस्ती हे करायचे, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

त्या आठवड्यात पुढच्या चाकांचे ब्रेक उघडले होते. प्रत्येक चाकात दोन लोखंडी कमानी असतात, त्यांना शू म्हणतात; त्यांच्यावर ठोकलेली लायनरची पट्टी चाकाच्या ड्रमला आतून घासली की गाडी थांबते. लायनर झिजून रिव्हेटची डोकी वर आली होती, त्यांनी ड्रमला आतून चरे पाडले होते. तयार शू कुठे मिळेनात. मग यांनी लायनरची पट्टी आणली, भोकं पाडली आणि एकेक तांब्याची रिव्हेट ठोकून चारही शू स्वतः तयार केले. दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हतं.

नवमीला हत्यारं पूजेला बसली. सासूबाई यांना म्हणाल्या, “नवी वस्तू आसा, आधी देवाफुडे ठेव. मगे गाडयेक लाव.” तेव्हा ते चार शूसुद्धा पाटावर आले... आणि समईत तेल घालायचं काम माझ्याकडे.

सासूबाई फुलं तोडायला बाहेर गेल्या होत्या. घाईत माझा हात लागला आणि समई कलंडली. चांगलं पळीभर तेल एका शूवर सांडलं. लायनरने ते बघता बघता पिऊन टाकलं. मी पदराने पुसलं, डाग राहिला म्हणून त्यावर हळदकुंकू जरा जास्तच वाहिलं.

नव्या सुनेने सणाला समई कलंडवली, हे त्या घरात कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि ब्रेकला तेल म्हणजे काय, हे मला कुठे ठाऊक होतं... माझ्या माहेरी बैलगाडीच्या आसाला वंगण घालायचे. मोटारीलाही लागतच असेल, असं मनाला समजावलं आणि गप्प बसले.

दसऱ्याला यांनी शू पुसून बसवले. गल्लीत हळू चालवून बघितली, गाडी नीट थांबली. मामंजींनी यांच्या पाठीवर थाप मारली... ती मी दारातून बघितली. शेवटचीच ती.

दुसऱ्या दिवशी घोडबंदर रस्त्यावर, मालाडच्या पुढे, एक बैलगाडी आडवी आली. ड्रम तापून लायनरमधलं तेल वर आलं असणार, आणि तेलावर ब्रेक घसरतो. मामंजींनी ब्रेक दाबला तर डावं चाक धरलं, उजवं धरेना. गाडी एका बाजूला ओढली गेली आणि पुलाच्या कठड्यावर आदळली. गाडीत दुसरं कोणी नव्हतं, तेवढं देवाने राखलं. मामंजींचा गुडघा मात्र कायमचा गेला.

गाडी ओढत शेडमध्ये आणली. यांनी एकट्याने चाक उघडलं. बराच वेळ बाहेर आले नाहीत... मग आले, हात धुतले आणि खाटेवरच्या मामंजींना म्हणाले, “चूक माझीच. शू नीट बसवलाच नाय मी.” मामंजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी चुलीपाशी होते. तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. नाही उठले.

गाडी भंगारात गेली, शेड मोडली, हे अंधेरीला एका कारखान्यात चिकटले. नाक्यावर लोक यांना ऐकू जाईल असं बोलायचे, “बापाचाच पाय मोडला यानं, आपली गाडी कोण देणार?” मामंजी पुढे नऊ वर्षं होते. यांच्याशी कामापुरतंच बोलले, आणि तसेच गेले.

सांगू सांगू म्हणत मुलं झाली, घर बदललं... मग हेही गेले, त्याला आता बारा वर्षं होतील. एक मात्र होतं. दर नवमीला समईत तेल हे स्वतः घालायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. मला वाटायचं, हौस आहे.

परवा मुलाने इथला, बोरीवलीचा माळा साफ केला. यांच्या हत्यारांच्या पेटीत तळाला, फडक्यात बांधलेला एक शू निघाला. एकच. लायनर काळंकुट्ट पडलेलं, आणि रिव्हेटच्या खळग्यांत तेलाने थापलेलं कुंकू अजून घट्ट बसलेलं... बाकीच्या तीन शूंना मी कुंकवाचं नुसतं बोट लावलं होतं. एवढं कुंकू एकाच शूवर ओतलं होतं.

म्हणजे चाक उघडलं त्याच दिवशी त्यांना कळलं होतं. कळूनसुद्धा बाहेर येऊन “चूक माझीच” म्हणाले. बापाचा अबोला, लोकांचे टोमणे सोसले, हातातली कला घालवली आणि मला एका शब्दाने विचारलं नाही.

नात म्हणते, आजी, किती जीव होता गं त्यांचा तुझ्यावर. असेलही... पण मला आधी लाज वाटते. शू परत त्याच फडक्यात बांधून उशाशी ठेवलाय.

रागावला होतात का हो माझ्यावर? इतकी वर्षं एका घरात काढली आपण... एकदा तरी रागवायचं होतंत.