सहा स्वयंपाकघरांचा पाट

तुलसी नगरच्या नव्या बागेत परवा सकाळी फिरताना मी वाटेतच थबकले. ओल्या मातीत मिसळलेला डाळीच्या धुवणाचा वास येत होता. त्या बागेत आता फुलांच्या ताटव्यांशेजारी भाजीचे वाफे, इथल्या भाषेत क्याऱ्या, आहेत, आसपासच्या घरांनी एकेक वाटून घेतलेले. पलीकडच्या इमारतींतलं स्वयंपाकघराचं पाणी वाळूखडीतून गाळून त्यांना मिळतं. पाणी कुठून येतं आणि पुढे कुठे जातं हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही, ही माझी जुनी खोड. म्हणून बागेची आखणी करणाऱ्या मुलीला गाठलं. ती उत्साहानं म्हणाली, "आंटी, सगळं ऑटोमॅटिक आहे. शेवटच्या क्यारीचं पाणी टाकीत जमा होतं आणि सोलर पंप ते परत वर चढवतो." मी म्हटलं, "आमच्याकडेही चढायचं. कोपऱ्यातले काका चढवायचे." तिला वाटलं, मी थट्टा करते आहे.

थट्टा नव्हती. इथून जवळच, उतारावर, आमच्या सरकारी क्वार्टर्सची ओळ होती. सहा घरं, बहुतेक बिऱ्हाडं राजधानी हलली तेव्हा नागपूरकडून कचेरीच्या दफ्तरासोबत आलेली. सर्वांत खालच्या कोपऱ्यात हे काका राहत. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. त्यांनी घरांच्या मागून विटांचा उथळ पाट असा काढला होता, की एका स्वयंपाकघराचं पाणी स्वतःच्या वाफ्याला न जाता खालच्या घराच्या वाफ्याला जाई. भांडी सगळ्याजणी राखेनं घासत, कारण सोड्यानं मेला असता तो शेजारणीचा पालक. आमचं घर सर्वांत वरचं, म्हणजे आम्हाला पाणी देणारं वर कोणी नाही. मग काका रोज सकाळी आपल्या मोरीचं पाणी दोन बादल्यांत भरून, चढ चढून येत आणि आमच्या वांग्यांना घालत. "काका, ज्याचं पाणी त्यालाच का नाही देत?" मी विचारी. "मग पाट कशाला लागला असता?" ते म्हणत. मला हे उत्तर मुळीच पटत नसे. इतका शिकलेला माणूस, आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरत नाही!

पाटाची एक कटकटही होती. तो कोरडा दिसला की आमच्या लगेच खालच्या घरातल्या काकू पदर खोचून आमच्या दारात हजर. "काय हो, आज चूल नाही पेटली? सब ठीक ना?" आई चिडायची. माणसाला जरा उशिरा उठायची म्हणून सोय नाही, असं ती त्यांची पाठ वळल्यावर पुटपुटायची.

काका निवृत्त होऊन गावी गेले आणि बादल्या थांबल्या. आईनं आठवडाभर वाट पाहिली. वांग्यांनी माना टाकल्या, तेव्हा तिनं कुदळ घेतली, आमच्या मोरीपाशी पाटाचं तोंड चिखलानं बुजवलं आणि पाणी आमच्याच वाफ्याला वळवलं. दोन दिवसांत काकूंनीही तेच केलं. महिन्याभरात पाटाची सगळी तोंडं बंद झाली. भांडण कुणाचंच झालं नाही. खरं सांगते, भाजी पूर्वीपेक्षा चांगली आली. मी तर खूशच होते, माझंच म्हणणं अखेर खरं ठरलं होतं.

त्याच हिवाळ्यात आईला ताप भरला. बाबा दौऱ्यावर होते. तीन दिवस चूल पेटली नाही. मी तिला मुरमुरे आणि पाणी देत होते, तिसऱ्या दिवशी तिला तेही गिळवेना. "काकूंना बोलावू का?" मी विचारलं. "नको," ती म्हणाली. "पाट आधी मी बुजवला. आता कुठल्या तोंडानं बोलावू?" मला रडू कोसळलं. मग मी मागच्या दारी गेले. तिनं बोलवायला मनाई केली होती, पाणी सोडायला नव्हती. उलथन्यानं चिखल उकरला आणि घरातलं पिंप मोरीत आडवं केलं.

काकूंच्या बाजूलाही पाटाचं तोंड बुजलेलं. पाणी त्यांच्या अंगणभर पसरलं, धुतलेल्या कपड्यांच्या ढिगाखालून वाहत गेलं. त्या तणतणत वर आल्या. "हा कोणता तरीका झाला? माझे सारे कपडे खराब करून टाकले!" भांडायलाच आल्या होत्या. उंबऱ्यापाशी त्यांना अंथरुणातली आई दिसली. तशा त्या थेट आत शिरल्या. त्यांनी आईच्या कपाळावर हात ठेवला आणि मला डॉक्टरांकडे पिटाळलं.

आई बरी झाली. आमच्या मोरीचं तोंड मग कधीच बुजलं नाही. आमच्या वाफ्याला पाणी आणणारं मात्र कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे वांगी गेली ती गेलीच. आईनं तो वाफा तसाच रिकामा राहू दिला. आता ती ओळही नाही, तिच्या जागी उंच इमारती आहेत, आणि त्या माणसांपैकी विचारावं असं कुणी राहिलेलं नाही.

हे सगळं त्या मुलीनं मन लावून ऐकलं. मग मोबाईल पुढे केला. "यातही कळतं, आंटी. हे बघा, नऊ नंबरची क्यारी लाल झाली आहे. चार दिवस तिकडे कोणी फिरकलेलं नाही."

"कुणाची आहे?"

"एक आजी आहेत. एकट्याच राहतात."

"मग आता कोण जाणार?"

"मेसेज गेलाय ना," ती म्हणाली, आणि तो कोणाला गेला ते मोबाईलवर शोधू लागली. नाव काही सापडेना. आजींचं घर मात्र तिला ठाऊक होतं. मी पत्ता विचारून घेतला आणि तशीच निघाले.