संजना आणि मोबाइलवरच्या तीन रेघा

हट्टी माणसं मी खूप पाहिलीत, पण संजनासारखी नाही. सातपूरच्या कामगार वसाहतीतली पोरगी. तिचे वडील धम्मपाल कारखान्यात लेथवर आहेत, सूतभर चूक त्यांना खपत नाही. लेक त्यांच्याही वर. वेबसाइट बनवणाऱ्या माझ्या छोट्याशा ऑफिसात ती लागली आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

तिला लागून तीनच महिने झाले होते, तेव्हा आम्हाला डोळ्यांच्या एका दवाखान्याचं काम मिळालं. साइटचा मेनू, म्हणजे पानांची यादी, संजनाकडे दिला. कॉम्प्युटरवर मेनू वरती आडवा पसरतो. मोबाइलवर तेवढी जागा नसते, म्हणून तो कोपऱ्यातल्या तीन रेघांमागे ठेवतात. रेघांवर बोट ठेवलं की उघडतो. सगळं जग असंच करतं. फिकट निळ्यावर पांढऱ्या रेघा, काय देखणं दिसत होतं! डॉक्टरही खूश होते.

"सर, पेशंटना दाखवून येते," संजना म्हणाली.

"काही गरज नाही," मी म्हणालो. गेलीच!

परत आली ती तणतणत. हरसूलच्या लंकाबाई तिला दवाखान्यात भेटल्या होत्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. संजनानं मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि तपासणीचा नंबर लावायला सांगितलं. बाईंनी मोबाइल नाकाशी धरला आणि पदरानं त्या रेघा खसाखसा पुसायला लागल्या. म्हणे, "काचेला लय चरे पडलेत गं बाई, जात नाय."

"सर, नंबर नव्हता म्हणून त्या दोनदा परत गेल्यात. एवढ्या लांब, हरसूलला!"

दोन दिवसांत तिनं मेनूच बदलून टाकला. मोबाइलवर खाली, अंगठा पोचेल तिथं, काळ्या अक्षरांची तीन जाडजूड पिवळी बटणं: नंबर लावा, फोन करा, पत्ता. बाकी सगळं 'आणखी' या शब्दामागे. मला तर रिक्षाच्या मागची पाटीच वाटली. माझा पारा चढला. म्हटलं, "डॉक्टरांनी हे नाकारलं तर उद्यापासून येऊ नकोस."

"चालेल," ती म्हणाली.

अरे, चालेल काय!

दवाखान्यात डॉक्टरांनी बटणं बघून तोंड वाकडं केलं. "जुनंच बरं होतं." मी लगेच मान डोलावली. संजनानं पर्समधून एक चष्मा काढला. काचांना व्हॅसलीन फासलेलं.

"डॉक्टर, हा घाला आणि जुन्या साइटवर नंबर लावून दाखवा."

डॉक्टर हसत हसत चष्मा घालून बसले. बोट स्क्रीनवर इकडे गेलं, तिकडे गेलं, त्यांच्याच फोटोवर तीनदा पडलं. हसू गेलं. संजनानं नवी साइट उघडून दिली. बोट थेट पिवळ्यावर गेलं.

डॉक्टरांनी चष्मा उतरवला आणि बराच वेळ हातातच धरला.

"बावीस वर्षं मोतीबिंदू काढतोय," ते म्हणाले. "पेशंटला कसं दिसतं, ते आज पहिल्यांदा बघितलं. हाच मेनू ठेवा."

जिना उतरताना मी म्हणालो, "संजना, चुकलं माझं. लाज वाटतेय मला."

"ते राहू द्या हो सर," ती म्हणाली. "टॅबच्या मोठ्या स्क्रीनवर बटणं अजून एकमेकांवर चढतायत. उद्या आल्या आल्या आधी ते बघते."